पुरलेल्या घराची साक्ष

खानापूरची माती कौलांना, विटांना व मडक्यांना किती उपयोगी, हे त्या भागातील आमच्या वाचकांस सांगावयास नको. कित्येक कुटुंबांचे पोटपाणी या मातीवर चालत आले आहे, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकविणारी संस्थाही खानापुरातच निघाली. भट्टीवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट अनेकदा पाहिली असेल. हाताने केलेली ओली कौले अंगणात वाळत घातलेली असतात, कोणाचे लक्ष नसते, आणि एखादे कुत्रे त्यांवरून खुशाल चालत जाते. ते कौल तसेच भट्टीत जाते व पावलाचा ठसा कायमचा होतो. इंग्लंडातील संग्रहालयांतून अशाच विटा व कौले जपून ठेविलेली आहेत. कोणावर कुत्र्याचे पाऊल, कोणावर मांजराचे, तर कोणावर अनवाणी लेकराचे. ती रोमन अमदानीतील, म्हणजे सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी आहेत.

राजांची नावे शिलालेखांत राहतात. त्यांनी दिलेली दाने ताम्रपटांत राहतात. परंतु त्याच काळी साधी माणसे कशा घरात राहत, चूल कोठे मांडीत, संध्याकाळी देवाचे नाव कोणत्या भिंतीकडे तोंड करून घेत, हे कोणी लिहून ठेवीत नाही. ते सांगावयाचे तर मातीनेच सांगावयाचे. आज आम्ही वाचकांपुढे अशी पुरलेली दोन घरे मांडणार आहोत. एक दूरचे, इंग्लंडातील. दुसरे आपल्या शेजारचे, कोल्हापुरातील. दोन्ही साधारणपणे एकाच युगातील आहेत, आणि दुसरे घर ज्या रीतीने आपणांस वाचता आले, ती रीत पहिल्या घराच्या देशातून आली.

इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली. त्यानंतर इ. स. ४१० च्या सुमारापर्यंत त्या बेटाचा मोठा भाग रोमच्या सत्तेखाली होता. या काळात तेथील सधन शेतकऱ्यांनी व जमीनदारांनी खेड्यापाड्यांत आपल्या शेतीच्या मध्यभागी मोठमोठे वाडे बांधले. अशा वाड्यास लॅटिन भाषेत व्हिला म्हणतात. आजकाल शहरातील बंगलेवाले आपल्या फाटकावर हा शब्द मोठ्या हौसेने लिहितात. मूळ व्हिला मात्र गोठा, धान्याचे कोठार, गडीमाणसांच्या खोल्या यांसह असलेले शेतकऱ्याचे घर होते. ब्रिटनची थंडी कडक. म्हणून चांगल्या व्हिलात काही खोल्यांची जमीन विटांच्या लहान लहान खांबांवर उचलून धरीत व बाहेरच्या भट्टीतील ऊन हवा त्या पोकळीतून खेळवीत. ती हवा भिंतीत बसविलेल्या पोकळ विटांमधून वर चढे आणि पायाखालची फरशी व अंगालगतची भिंत दोन्ही उबदार होत. त्या फरशीवर रंगीबेरंगी दगडांचे बारीक तुकडे बसवून चित्रे काढलेली असत. छपरावर कौले असत. एक सपाट, दोन्ही कडा उचललेले, आणि दोन कौलांच्या सांध्यावर एक अर्धगोल पालथे घातलेले. पाऊस कसा अडवावा, हा प्रश्न सर्व देशांच्या कुंभारांना सारखाच पडतो.

रोमन सत्ता गेली, वाडे ओस पडले, काही जळाले. मागाहून आलेल्या लोकांनी त्यांचे दगड व विटा उचलून नेल्या. यात त्यांना दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ब्रिटनचा पहिला हुतात्मा संत अल्बन याच्या नावे जे मोठे मठमंदिर ११ व्या शतकात बांधण्यास आरंभ झाला, त्याचा मनोराही जवळच्या ओसाड रोमन नगरातील विटांचाच आहे. गरजवंताला वीट ही वीटच असते.

केंट परगण्यात डॅरेन्ट नदीच्या खोऱ्यात लुलिंगस्टोन येथे अशा एका व्हिलाचे अवशेष आहेत. १७५० साली हरणांच्या कुरणास कुंपण घालण्यासाठी खड्डे खणताना खांब रोवणाऱ्यांना चित्रमय फरशी लागली होती. परंतु शास्त्रशुद्ध उत्खननास १९४९ मध्ये सुरुवात झाली. घराच्या एका टोकाला तळघर होते. ते मातीने व पडझडीने भरलेले. आणि त्या पडझडीत रंग दिलेल्या गिलाव्याचे हजारो तुकडे. दुसरा कोणी असता तर त्याने तो चुरा टोपल्यांनी बाहेर फेकला असता. येथे प्रत्येक तुकडा राखला गेला व वर्षानुवर्षे खपून एकमेकांस जुळविला गेला. तेव्हा दिसून आले, की इ. स. च्या ४ थ्या शतकात तळघरावरील खोली ख्रिस्ती उपासनेसाठी वापरली जात होती. भिंतीवर माणसांच्या उभ्या आकृती आहेत. त्यांनी दोन्ही हात पसरलेले आहेत. आजही मिस्सात वेदीपाशी प्रार्थना म्हणताना धर्मगुरू हात पसरतात, तसेच. शेजारी ग्रीक लिपीतील ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन अक्षरे एकमेकांत गुंफलेली, भोवती हिरवी-तांबडी माळ. संत पौलाच्या पत्रांत अमक्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलेला आपण ऐकतो. त्या घरगुती ख्रिस्तसभेची एक भिंतच येथे हाती लागली. ती आता लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे.

पण या घराचे आम्हांस विशेष वाटते ते त्याच्या तळघरामुळे. खाली संगमरवराचे दोन अर्धपुतळे उभे होते. ते घराण्याच्या पूर्वजांचे असावेत असे मानतात. त्यांच्यापुढे जमिनीत भांडी पुरून काही अर्पण केले जाई. आणि वर ख्रिस्ती प्रार्थना सुरू झाल्यानंतरही खालचा हा रिवाज बंद पडला नव्हता, अशी चिन्हे मिळाली आहेत. सून नव्या धर्माची व सासू जुन्या वळणाची, असे काही त्या घरात होते काय? हा केवळ आमचा तर्क. तथापि एकाच छपराखाली दोन पिढ्या दोन तऱ्हांनी हात जोडीत आहेत, हे चित्र आमच्या वाचकांपैकी अनेकांना अगदीच अनोळखी वाटणार नाही. कोणत्याही इतिहासकाराने हे लिहून ठेविले नव्हते. पुतळे कोणत्या थरात, भांडी कोणत्या थरात, आणि गिलावा कशाच्या वर पडला, एवढ्यावरून ते कळले. ५ व्या शतकाच्या आरंभी घराला आग लागली, वरची खोली तळघरात कोसळली, आणि कोणी ती उकरून नेली नाही, म्हणून कळले.

याच्या उलट उदाहरण ग्लॉस्टरशर परगण्यातील चेडवर्थच्या व्हिलाचे. तो १८६४ साली सापडला. मोठा सुंदर वाडा, परंतु उत्साहाच्या भरात थोड्याच अवधीत उकरून काढला गेला, आणि कोणती वस्तू कोणत्या खोलीत कशाशेजारी पडली होती, याची पुरेशी नोंद झाली नाही. भिंती उरल्या, फरश्या उरल्या. घरातील माणसे मात्र पुन्हा हरवली.

ही नोंद ठेवण्याची शिस्त ज्यांनी कसोशीने अमलात आणली, त्यांत मॉर्टिमर व्हीलर हे एक प्रमुख. १९३० नंतरच्या दशकात ते डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल येथे उत्खनन करीत होते. तेथे त्यांच्या हाताखाली मुंबईकडील एक तरुण विद्यार्थी माती खरवडावयास शिकला. त्याचे नाव हसमुख धीरजलाल सांकलिया. पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात प्राध्यापक होऊन त्यांनी महाराष्ट्राच्या पुराणवस्तुशास्त्राचा पाया घातला. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी जेथे कुदळ मारली, ती जागा म्हणजे कोल्हापुरातील पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी.

त्याआधीच कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनी त्या टेकडीवर लक्ष केंद्रित केले होते. कानडीचा प्राध्यापक, मराठी मुलुखातील टेकडी आणि सातवाहनांच्या प्राकृत अक्षरांची नाणी! भाषेचे वाद जमिनीच्या वरच चालतात. चार हात खाली गेले की ते सरतात. दोन्ही उत्खननांतून मिळून जे बाहेर आले, ते असे. वरच्या थरात बहामनी काळची वस्ती. आणि तिच्याखाली खोल, इ. स. च्या पहिल्या दोन-तीन शतकांतील सातवाहनकालीन गाव. ती घरे भाजक्या विटांची व कौलारू होती. सातवाहन काळची कौले दख्खनेत पुष्कळ ठिकाणी मिळाली आहेत. ती सपाट असतात, पाणी वाहून जाण्यासाठी त्यांना खाचा असतात, आणि एका टोकास खिळा ठोकण्यासाठी दोन भोके असतात. १८६५ साली मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना निघाला तेव्हापासूनच आपल्याकडे कौल आले, असा ज्यांचा समज असेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

घरांतून नाणीही मिळाली. कोल्हापूर भागात त्या काळी जे राजे होते, त्यांची शिशाची नाणी प्रसिद्ध आहेत. त्यांवर वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर अशी नावे आहेत. राजा नाण्यावर प्रथम आईचे नाव सांगतो व मग आपले, ही गोष्ट आमच्या भगिनीवाचकांना आवडेल. इ. स. १५० च्या सुमारास टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकाराने, इजिप्तमध्ये बसून, दख्खनेतील बलिओकुरस नावाच्या राजाची नोंद केली आहे. तो विळिवायकुरच, असे विद्वान मानतात. पंचगंगेकाठचे नाव नाईल नदीच्या मुखापर्यंत पोहोचले होते.

आणि याच ब्रह्मपुरीत, एका घराच्या अवशेषांत, काशाच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. त्यात भांडी होती, आरसा होता, पाणी किंवा मद्य ओतावयाची सुबक कानाची झारी होती, पाठीवर माणसे बसलेला एक हत्ती होता. त्यांतच ग्रीक कथेतील पर्सियस व अँड्रोमिडा यांचे उठावदार चित्र असलेली एक गोल चकती होती. आणि एक नग्न पुरुषमूर्ती, उभी. ती ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची. समुद्रापासून सह्याद्रीच्या अलीकडे इतक्या आत, कोल्हापूरच्या घरात हा समुद्राचा देव काय करीत होता?

येण्याचा मार्ग तर स्पष्टच आहे. तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते नैर्ऋत्येचा मोसमी वारा पाठीशी घेऊन सोपारा, कल्याण, चौल या बंदरांना लागत. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रवर्णनात या बंदरांची आणि पैठण व तेर या घाटावरील पेठांची नावे आहेत. आपल्याकडून सुती कापड, मौल्यवान खडे, मलबारची मिरी जाई. तिकडून मद्य, तांबे, कथील, पोवळी, काचसामान येई. हिंदुस्थान दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स नाणी गिळतो, अशी तक्रार रोमचा प्लिनी करून गेला. त्या ओघातलाच थोडा माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून पंचगंगेवर आला.

परंतु यावरून ते घर रोमन माणसाचे होते असे म्हणणे घाईचे होईल. घरात बेल्जियमचा आरसा टांगलेला आहे म्हणून घरधनी बेल्जियमचा ठरत नाही. आरंभी या साठ्यातील बऱ्याच वस्तू परदेशी मानल्या गेल्या होत्या. पुढे रिचर्ड डी प्यूमा या अमेरिकन अभ्यासकाने त्या एकेक तपासल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार पोसायडन, आरसा, झारी अशा थोड्याच वस्तू बाहेरच्या ठरतात. बाकीच्या देशी कारागिरांच्या. म्हणजे घर येथलेच, माणसे येथलीच. पैसा बरा असावा, नवलाची आवड असावी. हत्तीच्या शेजारी त्यांनी समुद्राचा देव ठेवला. त्यापुढे फूल वाहत होते, की पाहुण्यांस दाखवावयाची ती एक वस्तू होती, हे मूर्तीच्या तोंडावर लिहिलेले नाही.

येथे आमच्या मुद्द्याची गोष्ट येते. हीच मूर्ती जर जुन्या बाजारातील एखाद्या व्यापाऱ्याकडे मिळाली असती, तर तिला किंमत आली असती, पण तिच्याजवळ बोलण्यासारखे काही उरले नसते. रोममधून कालपरवा कोणी आणलेली, असेही म्हणता आले असते. ती बोलते, कारण ती विटांच्या घरात, सातवाहन काळच्या थरात, देशी हत्तीच्या सोबत मिळाली. तिची साक्ष तिच्या धातूत थोडी आणि शेजाऱ्यांत अधिक आहे. १९५२ साली ब्रह्मपुरीच्या उत्खननाचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला. त्यात मूर्तीइतकेच महत्त्व खापरांच्या तुकड्यांना आहे.

आता खानापूर तालुक्याकडे वळू. हलशी, म्हणजे जुनी पलाशिका, ही ५ व्या शतकात कदंब राजांची एक राजधानी. तेथील भूवराह-नरसिंहाचे देऊळ आमच्या वाचकांनी पाहिले असेल; ते गोव्याच्या कदंबांच्या काळचे. याच गावच्या परिसरात सापडलेले कदंबांचे ताम्रपट फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने १९ व्या शतकात वाचून प्रसिद्ध केले. काकुत्स्थवर्मा नावाच्या युवराजाने आपला जीव वाचविल्याबद्दल श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीस शेत दिले, असे त्यांतील एक पट सांगतो. राजा कळला, सेनापती कळला, शेतही कळले. परंतु त्या शेतात राबणारा कोणत्या छपराखाली निजत होता, ते ताम्रपटात नाही. ते असेल तर नांगराच्या टोकाखाली आहे. बेळगावलगतच्या वडगाव-माधवपूर येथे १९७० नंतरच्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी सातवाहन काळची विटांची वस्ती उघड केली. आज तो भाग शहराच्या दाटीत आहे. तेथे जे खणून पाहता आले ते कळले. ज्यावर घरे उठली ते मिटले.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपल्या गावांतून विहिरी खणल्या जातात, घरांचे पाये खणले जातात, बांध घातले जातात. हल्ली हे काम कुदळीऐवजी यंत्राने होते, आणि यंत्र अर्ध्या दिवसात जे उलथते ते कुदळीला महिना पुरत नसे. अशा वेळी सोन्याचांदीची नाणी लागली तर काय करावे, ते कायदा सांगतो. इंग्रज सरकारने १८७८ साली गुप्तनिधीचा कायदा केला आणि १० रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले. कर्नाटकानेही पुढे आपला कायदा केला. पण रुंद, जुन्या मापाच्या विटांची रांग लागली, राखेचा काळा थर लागला, दोन भोकांचे कौल लागले, तर त्यास बाजारात मोल नाही. म्हणून त्याची वर्दी द्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. विटा निवडून कुंपणाच्या भिंतीत जातात, राख खतात जाते, आणि लुलिंगस्टोनच्या तळघरासारखे एखादे तळघर, असलेच तर, एका सकाळीत संपते.

शेतकऱ्याने आपली विहीर खणू नये, असे आम्ही म्हणत नाही. त्याला पाणी हवे आहे. आमचे मागणे लहान आहे. अशी रांग दिसली, तर एक दिवस थांबावे. शाळेच्या गुरुजींना किंवा फादरांना बोलावून दाखवावे, आणि तहसीलदार कचेरीत लेखी कळवावे म्हणजे ते पुराणवस्तू खात्यापर्यंत जाईल. आता बहुतेक घरांत फोन आहे. वस्तू हलविण्यापूर्वी, ती जेथे आहे तेथेच असताना, शेजारी मोजपट्टी ठेवून चित्र घ्यावे. किती हात खोल, कोणत्या बांधापासून किती पावलांवर, आसपास काय होते, हे मुलांच्या वहीत लिहून ठेवावे. आणि दारावर येऊन जुनी भांडी, जुनी नाणी विकत घेणारा कोणी भेटला, तर त्यास रिकाम्या हाती परत पाठवावे.

कोल्हापूरला काही कामाने जाणारांनी टाउन हॉलमधील संग्रहालयात अवश्य डोकवावे. ब्रह्मपुरीच्या वस्तू तेथे आहेत. मुले आधी पोसायडनकडे धावतील; त्यांना धावू द्यावे. खानापूरच्या मनुष्याने मात्र ज्या घरात तो मिळाला, त्या घराच्या विटांची चौकशी करावी. माती कशी मळली, भाजणी कितपत उतरली, याविषयी त्याचे मत आम्हांस वाचावयास आवडेल. पत्र आल्यास ते याच सदरात छापू.